जठरातील जिवाणू आणि रक्तातील खुणा

वार्षिक आरोग्य तपासणीच्या अहवालात अलीकडे साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला ‘कॅन्सर मार्कर’ असा आणखी एक रकाना दिसू लागला आहे. त्याखाली सीईए, सीए १९-९ अशी अक्षरे आणि त्यांच्यासमोर काही आकडे असतात. आकडा मर्यादेत असला की कर्करोग नाही असे समजून अहवाल कपाटात ठेवला जातो. तो थोडा जास्त निघाला की घरादाराची झोप उडते. जठराच्या कर्करोगापुरते बोलायचे तर या दोन्ही प्रतिक्रिया बहुधा चुकीच्या असतात. या रोगाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक जिवाणू असतो आणि त्याने वर्षानुवर्षे केलेल्या नासधुशीच्या खुणा रक्तात सापडतात, हे खरे आहे. मात्र त्या खुणा वेगळ्या आहेत आणि नेहमीच्या ‘कॅन्सर मार्कर’च्या रकान्यात त्या सहसा नसतात.

आम्लात राहणारा जिवाणू

जठरातील आम्ल इतके तीव्र असते की तेथे कोणताही जिवाणू तग धरू शकणार नाही, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत आले. पोटातील व्रण म्हणजे मानसिक ताण, तिखट खाणे आणि अतिरिक्त आम्ल यांचा परिणाम, ही समजूतही तितकीच पक्की होती. ऑस्ट्रेलियातील रॉयल पर्थ रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वक्राकार जिवाणू दिसले. पुढे तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न वारंवार फसत होते. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे जिवाणूंच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणी यंत्रात राहिल्या आणि त्यांवर जिवाणूंच्या वसाहती उगवल्या.

तरीही वैद्यकीय जगताचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी या जिवाणूंचे द्रावण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि त्यांच्या निरोगी जठराला दाह झाल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत सिद्ध झाले. या संशोधनासाठी दोघांना २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूला १९८९ पासून ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या नावाने ओळखले जाते.

आम्लात टिकून राहण्याची त्याची युक्ती साधी आहे. तो युरिएज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात तयार करतो. हे विकर जठरातील युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते आणि अमोनियामुळे जिवाणूच्या भोवतालचे आम्ल सौम्य होते. मग तो जठराच्या अस्तरावरील बुळबुळीत थरात शिरून राहतो. संसर्ग बहुधा बालपणीच, घरातील माणसांकडून होतो. दाटीवाटीची वस्ती आणि अस्वच्छ पाणी असेल तेथे त्याचे प्रमाण अधिक असते. उपचार न केल्यास हा पाहुणा बहुतेक वेळा आयुष्यभर मुक्काम ठोकतो. बहुसंख्य लोकांना त्याचा पत्ताही लागत नाही. थोड्यांना व्रण होतात आणि त्याहून थोड्यांना कर्करोग.

दाहापासून कर्करोगापर्यंत

जठराचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. पेलायो कोरिया या मूळच्या कोलंबियाच्या विकृतिशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या रोगाच्या वाटचालीचे टप्पे मांडले आणि त्यांची ती मांडणी आजही मान्य आहे. प्रथम अस्तराला दीर्घकालीन दाह होतो. त्यानंतर आम्ल आणि पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथी हळूहळू नष्ट होऊन अस्तर पातळ पडते. याला जठरशोष म्हणता येईल. पुढच्या टप्प्यात जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. त्यानंतर पेशींची रचना बिघडते आणि सर्वांत शेवटी कर्करोग होतो. ही वाटचाल कित्येक दशके चालते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती मध्येच कुठेतरी थांबते.

सर्व जिवाणू सारखे घातक नसतात. ज्यांच्याकडे ‘कॅग-ए’ हे प्रथिन असते, ते सुईसारख्या यंत्रणेने हे प्रथिन जठराच्या पेशीत सोडतात आणि पेशीच्या वाढीचे नियंत्रण बिघडवतात. पूर्व आशियात आढळणारे कॅग-ए हे पाश्चात्त्य देशांतील कॅग-एपेक्षा अधिक प्रभावी असते. जपान, कोरिया आणि चीनमध्ये जठराचा कर्करोग अधिक असण्याचे हे एक कारण मानले जाते. खारवलेले अन्न, धूम्रपान आणि अनुवंश यांचाही त्यात वाटा असतो.

जगात २०२२ या एका वर्षात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार जणांचा त्याने बळी घेतला. जठराचा अन्ननलिकेलगतचा भाग वगळून उरलेल्या भागात होणाऱ्या कर्करोगांपैकी दहात जवळजवळ नऊ या जिवाणूशी निगडित असतात, असा अंदाज आहे.

साठवलेल्या रक्ताची साक्ष

जिवाणू आणि कर्करोग यांचा संबंध सिद्ध करण्यात मोठी अडचण होती. कर्करोग झालेल्या माणसाचे जठर तपासले, तर त्यात जिवाणू अनेकदा सापडतच नसे. मग दोष त्याचा कसा ठरवायचा? याचे उत्तर शीतपेटीत साठवलेल्या जुन्या रक्ताने दिले.

हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या सुमारे ५,९०० अमेरिकी पुरुषांचे रक्त १९६७ ते १९७० या काळात घेऊन जपून ठेवण्यात आले होते. पुढील दोन दशकांत त्यांच्यापैकी ज्यांना जठराचा कर्करोग झाला, अशा १०९ जणांचे जुने रक्त तपासले गेले. त्यातील ९४ टक्के नमुन्यांत या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने संसर्गाविरुद्ध तयार केलेली संरक्षक प्रथिने, आढळली. कर्करोग न झालेल्या, त्याच वयाच्या १०९ जणांत हे प्रमाण ७६ टक्के होते. गणिताने संसर्गित व्यक्तींचा धोका सहापट ठरला. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात घेतलेल्या रक्ताच्या अशाच अभ्यासात हे प्रमाण ८४ विरुद्ध ६१ टक्के निघाले. दोन्ही निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. असा शिक्का बसलेला हा पहिलाच जिवाणू होय.

त्यानंतर जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवले गेले आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही तो झाला नाही.

पेप्सिनोजेन : अस्तराचा आरसा

प्रतिपिंडांवरून संसर्ग होता किंवा आहे एवढेच कळते. जठराचे नुकसान किती झाले, हे ‘पेप्सिनोजेन’ या दुसऱ्या खुणेवरून समजते. पेप्सिनोजेन हे प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनचे पूर्वरूप. त्याचा काही अंश जठरातून रक्तात उतरतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार फक्त जठराच्या मधल्या व वरच्या भागातील ग्रंथींत तयार होतो. दुसरा प्रकार जठराच्या खालच्या भागात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाही तयार होतो.

नुसता दाह असतो तेव्हा दोन्ही प्रकार वाढतात, त्यातही दुसरा अधिक. जठरशोष सुरू झाला की ग्रंथी नष्ट झाल्याने पहिला प्रकार घटतो. दुसरा मात्र फारसा घटत नाही. परिणामी पहिल्याचे दुसऱ्याशी असलेले गुणोत्तर खाली येते. जपानमध्ये पहिला प्रकार रक्ताच्या दर मिलिलिटरमागे ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असेल, तर लक्षणीय जठरशोष असल्याचे मानण्याची पद्धत रुळली.

प्रतिपिंडे आणि पेप्सिनोजेन या दोन्ही चाचण्या एकत्र करून जपानी डॉक्टरांनी लोकांचे चार गट पाडले. ‘ए’ गटात संसर्गही नाही आणि शोषही नाही. ‘बी’ गटात संसर्ग आहे, शोष नाही. ‘सी’ गटात दोन्ही आहेत. ‘डी’ गटात शोष आहे, परंतु प्रतिपिंडे नाहीत. सुमारे सात हजार जणांच्या पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दर दहा हजार व्यक्तींमागे वर्षाला कर्करोगाचे प्रमाण ‘ए’ गटात ४, ‘बी’ गटात ६, ‘सी’ गटात ३५ आणि ‘डी’ गटात ६० आढळले.

‘डी’ गटाचा आकडा वाचून कोणीही चक्रावेल. जिवाणूची चाचणी नकारार्थी आणि तरीही धोका सर्वाधिक! याचे कारण जिवाणूच्या स्वभावात आहे. त्याला निरोगी जठराचेच अस्तर मानवते. शोष पसरला, आतड्यासारख्या पेशी वाढल्या की त्याला राहायला जागा उरत नाही. तो निघून जातो, कालांतराने प्रतिपिंडेही ओसरतात. मागे राहते ते उद्ध्वस्त अस्तर. कर्करोग झालेल्यांच्या जठरात जिवाणू का सापडत नसे आणि अनेक वर्षांपूर्वीच्या रक्तात मात्र त्याची खूण का सापडे, या कोड्याचा उलगडाही त्यातच आहे. म्हणूनच प्रतिपिंडांची एकटी चाचणी नकारार्थी आली, एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही.

‘कॅन्सर मार्कर’ काय सांगतात?

सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ या खुणांचे काम निराळे आहे. ही द्रव्ये अर्बुदाच्या पेशींतून रक्तात येतात. म्हणजे अर्बुद तयार झाल्यावर, आणि तेही बरेच वाढल्यावर, त्यांचे प्रमाण वाढण्याची शक्यता असते. जठराच्या कर्करोगाच्या निम्म्याहून कमी रुग्णांत यांपैकी कोणतीही एक खूण वाढलेली आढळते. प्रारंभीच्या अवस्थेत तर हे प्रमाण आणखी खाली जाते. नेमक्या ज्या अवस्थेत रोग पूर्ण बरा होऊ शकतो, त्या अवस्थेत या चाचण्या बहुधा मूक राहतात.

दुसरीकडे, कर्करोग नसतानाही त्या वाढतात. सीईएचा शोध माँट्रियलमध्ये १९६५ साली आतड्याच्या कर्करोगाच्या अभ्यासातून लागला. पण धूम्रपान करणाऱ्यांतही त्याचे प्रमाण अधिक असते. पित्ताशयातील खड्यामुळे पित्तनलिका अडून कावीळ झाली किंवा स्वादुपिंडाला सूज आली, तरी सीए १९-९ भरमसाट वाढू शकते. उलट, सुमारे ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात जन्मतःच हे द्रव्य तयार होत नाही. त्यांना कर्करोग झाला तरी त्यांचा आकडा वाढत नाही.

हेलिकोबॅक्टरच्या दाहामुळेही सीए ७२-४ सारखी खूण थोडी वाढते, असे चीनमधील काही पाहण्यांत दिसले आहे. याचा अर्थ संसर्ग असलेल्या व्यक्तीचा किंचित वाढलेला आकडा हा कर्करोगाचा पुरावा नव्हे. तज्ज्ञांनी निरोगी माणसांत जठराचा कर्करोग शोधण्यासाठी या चाचण्यांची शिफारस केलेली नाही, ती याच कारणांमुळे. निदान झाल्यावर उपचारांचा परिणाम पाहणे, शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो का यावर नजर ठेवणे, यासाठी मात्र त्या उपयोगी पडतात.

थोडक्यात, पेप्सिनोजेन आणि प्रतिपिंडे ही वाट किती चालून झाली ते सांगतात. सीईए आणि त्याची भावंडे मुक्कामाला पोहोचल्यावर, तेही कधीकधीच, बोलतात. कर्करोग आहे की नाही, याचा निर्णय शेवटी दुर्बिणीने जठर पाहून आणि अस्तराचा तुकडा तपासूनच होतो.

चाचण्यांच्या मर्यादा

पेप्सिनोजेनची चाचणीही निर्दोष नाही. जठराचे काही कर्करोग पेशींचा गोळा न बनवता भिंतीत पसरत जातात. ते शोषाच्या पायऱ्या चढून येतातच असे नाही. त्यामुळे ते या चाचणीला हुलकावणी देऊ शकतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत पेप्सिनोजेनचा आकडा फसवा असतो.

‘पित्त झाले’ म्हणून महिनोन्महिने ओमेप्रॅझोल किंवा पॅण्टोप्रॅझोलच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या गोळ्यांमुळे पेप्सिनोजेन आणि गॅस्ट्रिन दोन्ही वाढतात. जिवाणूंची संख्या तात्पुरती घटल्याने श्वासाची आणि शौचाची चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते. म्हणून संसर्गाच्या चाचणीपूर्वी या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात; अर्थात हे डॉक्टरांना विचारूनच.

संसर्ग आज आहे का, हे रक्तापेक्षा श्वास अधिक खात्रीने सांगतो. खुणेचा कार्बन असलेला युरिया पिण्यास दिला जातो. जठरात जिवाणू असल्यास त्याचे युरिएज त्या युरियाचे विघटन करते आणि तो कार्बन उच्छ्वासातून बाहेर पडतो. शौचातील प्रतिजनाची चाचणीही तितकीच भरवशाची आहे. रक्तातील प्रतिपिंडे मात्र जिवाणू मेल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षे टिकतात. त्यामुळे उपचार यशस्वी झाले का, हे त्यांवरून ठरवता येत नाही.

भारतातील कोडे

भारतातील बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक प्रौढांत हा संसर्ग आढळतो. तरीही देशाच्या बहुतांश भागांत जठराचा कर्करोग पूर्व आशियाच्या तुलनेत बराच कमी आहे. मुंबई-पुण्याच्या कर्करोग नोंदींत मुख, फुफ्फुस आणि स्तन यांच्या कर्करोगांपेक्षा त्याचे स्थान पुष्कळ खाली असते. भारतीय जिवाणूंतील कॅग-ए बहुधा पाश्चात्त्य धाटणीचे असणे, आहार आणि आनुवंशिक घटक अशी कारणे यासाठी सुचवली जातात. संपूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

याला ठळक अपवाद मिझोरमचा. ऐझॉलमधील जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. धुरावलेले मांस, ‘सा-उम’ हे डुकराच्या चरबीपासून आंबवलेले खाद्य आणि तंबाखूचा धूर मुरवलेले ‘तुइबुर’ हे पाणी यांकडे तेथील संशोधकांनी बोट दाखवले आहे. एकट्या जिवाणूने हा रोग होत नाही; त्याला साथ देणारे इतरही असतात, हे यातून स्पष्ट होते.

या कोड्याचा व्यावहारिक अर्थही आहे. जपानी लोकसंख्येवर बेतलेले पेप्सिनोजेनचे आकडे आणि गटांचे धोके महाराष्ट्रातील माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. जेथे रोग कमी, तेथे सरसकट चाचण्या केल्यास खोट्या घंटाच अधिक वाजतात. त्यामुळे आई, वडील किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झालेल्या, पूर्वी जठरव्रण झालेल्या किंवा दीर्घकाळ अपचनाचा त्रास असलेल्या व्यक्तींनी संसर्गाची चाचणी करून घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

उपचाराने काय साधते?

चीनच्या शानदोंग प्रांतातील लिंचू परगण्यात १९९५ मध्ये संसर्गित लोकांना केवळ दोन आठवडे औषधे देण्यात आली. बावीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, औषधे मिळालेल्यांतील जठराच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. कोरियात जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या सख्ख्या नातलगांवर झालेला प्रयोग २०२० मध्ये जाहीर झाला. सुमारे नऊ वर्षांत, ज्यांचा जिवाणू नष्ट झाला त्यांच्यापैकी ०.८ टक्के जणांना कर्करोग झाला. ज्यांचा संसर्ग कायम राहिला, त्यांच्यात हे प्रमाण २.९ टक्के होते. जपानने २०१३ मध्ये या जिवाणूमुळे होणाऱ्या जठरदाहाच्या उपचारांना आरोग्य विम्याचे संरक्षण दिले.

उपचार जितका लवकर, तितका लाभ अधिक. शोष पसरण्यापूर्वी जिवाणू नष्ट झाला तर धोका बराच घटतो. आतड्यासारख्या पेशी उगवल्यानंतर धोका कमी होतो, पण संपत नाही; अशा व्यक्तींना ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करावी लागते. उपचारांनंतर पेप्सिनोजेनचे आकडे सुधारतात. त्यामुळे पूर्वी धोक्याच्या गटात असलेली व्यक्ती कागदावर ‘ए’ गटातील भासू शकते. म्हणून पूर्वी घेतलेल्या उपचारांची माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे आहे.

उपचार मात्र अर्धवट सोडण्याजोगे नाहीत. भारतात मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांना जिवाणू मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे. त्यामुळे दोन प्रतिजैविके, आम्लरोधक गोळी आणि बिस्मथ असा चार औषधांचा चौदा दिवसांचा क्रम अनेकदा दिला जातो. तो पुरा करून किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करावी आणि जिवाणू गेल्याची खातरजमा करून घ्यावी.

कोणत्याही रक्तचाचणीची वाट पाहू नये, अशी काही लक्षणे आहेत. विनाकारण वजन घटणे, गिळताना अडणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, कारण न सापडणारा पंडुरोग, थोडेसे खाल्ल्यावरच पोट भरणे किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेले अपचन, यांपैकी काहीही आढळल्यास दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये. मार्करचा आकडा मर्यादेत आहे म्हणून ही लक्षणे दुर्लक्षित राहिली, तर नेमका तोच काळ हातचा जातो ज्यात हा रोग बरा होऊ शकला असता.